कोरडी तापलेली कॉईल : नाचणी माल्ट प्रकल्पाच्या नोंदी, बेळगाव

६ डिसेंबर

जांबोटीच्या मावशीकडून नाचणी आली. निम्मी तिने मोड आणून, वाळवून, चोळून मुळं काढून, म्हणजे माल्ट करून दिली आहे. फोनवर मी तिला एवढंच सांगितलं होतं की यंदा भाजू नकोस. दुधात घालून प्यायच्या माल्टसाठी ती कढईत खमंग भाजते आणि त्याचा वास घरभर सुटतो. पण त्या भाजण्यात, मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स मरून जातात. या कामाला ती जिवंत हवीत. दाण्यातल्या स्टार्चची साखर तीच करतात.

काम असं आहे. माल्ट भरड दळायचं, ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं (याला मॅशिंग म्हणतात), गाळायचं आणि मिळालेलं गोड पाणी उकळायचं. बिअर करणारे हेच करतात, त्या पाण्याला ते वर्ट म्हणतात. पुढे त्यात यीस्ट घातलं की बिअर. कर्नाटकात परवान्याशिवाय दारू तयार करणं १९६५ च्या अबकारी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे माझं काम वर्टपाशी थांबतं. ते आटवून काकवीइतकं दाट माल्ट सिरप करायचं आहे. आंबील आणि भाकरीपलीकडे नाचणीचा गोडवा कुणी फारसा चाखलेला नाही आणि तो चाखण्याजोगा आहे, असं मला मनापासून वाटतं.

शहापूरच्या घराच्या परसातल्या जुन्या चुलीच्या खोलीत मांडणी केली. ३५ लिटरचं स्टीलचं भांडं, तळाशी तोटी, तोटीच्या थोडं वर आडवी बसवलेली ३००० वॉटची कॉईल. भांड्याच्या भिंतीत तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर, बाहेर ते ठरवलेल्या आकड्यावर धरणारा पीआयडी कंट्रोलर, त्याच्या हुकमावर कॉईलची वीज सोडणारा-तोडणारा ४० अँपिअरचा एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले. वायर ४ चौरस मिलिमीटरची, कारण ३००० वॉटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर सलग जातात. अर्थिंग वेगळं तपासून घेतलं. गॅसवर ६५ अंश धरून बसणं माणसाला जमत नाही, म्हणून हा सगळा विजेचा खटाटोप.

९ डिसेंबर

नुसत्या पाण्यावर चाचणी. २० लिटर पाणी २२ वरून ६५ अंशांवर न्यायला साधारण १ युनिट वीज लागते, म्हणजे हिशेबाने २० मिनिटं. प्रत्यक्षात २७ लागली. संध्याकाळची वेळ, मीटरवर २०८ व्होल्ट. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते. २०८ ला ३००० वॉटची कॉईल जेमतेम २४५० वॉट देते. उरलेला फरक भांड्याच्या उघड्या अंगाचा.

उकळी फुटली तेव्हा डिस्प्ले ९७.४ वर थांबला. सेन्सर बरोबर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथे पाणी शंभरला पोचतच नाही. याचा एक परिणाम ध्यानात ठेवायला हवा. पीआयडीवर १०० अंश लावले तर तो आकडा कधीच येणार नाही आणि कंट्रोलर कॉईल शेवटपर्यंत पूर्ण जोरात चालू ठेवेल. उकळताना तापमानावर न ठेवता कॉईलच्या ताकदीच्या टक्क्यांवर, हाताने चालवायचं.

१४ डिसेंबर

पहिलं खरं माल्ट. ३ किलो नाचणी, २ किलो बार्लीचं माल्ट. बार्ली ऑनलाइन मागवली. नाचणीत अल्फा अमायलेज चांगलं असतं, बीटा अमायलेज बार्लीइतकं नसतं. दोन्ही मिळाली की गोडवा नीट उतरतो.

करपलं.

नाचणीला बार्लीसारखं टरफल नसतं. तिचं पीठ मलमलच्या फडक्यातून निसटून खाली बसलं आणि थेट कॉईलवर थर धरला. उकळी येण्याआधीच वास आला. चव कडू, जळकी. कितीही आटवली तरी ती जाणार नाही, उलट दाटच होईल, म्हणून सगळं परसातल्या नारळाच्या बुंध्याशी ओतलं.

डिस्प्ले त्या वेळी ७१ दाखवत होता आणि तो खोटंही बोलत नव्हता. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. कॉईलच्या अंगाचं तापमान ही निराळी गोष्ट आहे. स्वच्छ पाण्यात कॉईलचं अंग पाण्यापेक्षा थोडंच जास्त तापतं, कारण पाणी उष्णता ओढून नेत राहतं. अंगावर पिठाचा थर बसला की ती वाट अडते, आतली उष्णता मात्र येतच राहते.

कॉईलचा हिशेब केला. नळीचा व्यास ८ मिलिमीटर, तापणारी लांबी १ मीटर, म्हणजे पृष्ठभाग सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १२ वॉट. साध्या पाण्याला चालेल. साखर आणि पीठ असलेल्या पातळाला यापेक्षा बरंच कमी हवं, ८ च्या आत. बिअरवाल्यांच्या कॉईली म्हणूनच लांबलचक, घडी घातलेल्या असतात.

१५ डिसेंबर

धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, लाकडी उलथन्याने कॉईल साफ केली. तारेची घासणी वापरली नाही, स्टीलवर ओरखडे राहतात आणि पुढच्या वेळी थर तिथेच धरतो.

२१ डिसेंबर

पद्धत बदलली. मॅशिंग झाल्यावर वर्ट अर्धा तास निवळू दिलं, वरचं नितळ पाणी दुसऱ्या पिंपात काढलं, तळाचा गाळ बाजूला केला, मग उकळायला घेतलं. मॅशिंग सुरू असताना भाऊ सतत ढवळत होता. तासाभराने बशीत थेंबभर वर्ट घेऊन टिंक्चर आयोडीन टाकलं. आधीच्या वेळी गर्द निळं झालं होतं, आज पिवळसर तपकिरीच राहिलं. स्टार्च संपला, साखर झाली. चव पाहिली. गोड, त्यामागे ओल्या मातीसारखा नाचणीचा वास. इतकं छान काही यातून निघेल असं वाटलं नव्हतं.

उकळून झालं. पीआयडी थांबवला. आउटपुट शून्य, त्याचा दिवा विझलेला. तोटी उघडून वर्ट फडक्यातून गाळायला घेतलं.

भांडं निम्म्याच्या खाली गेलं तरी उकळल्याचा आवाज थांबेना. भांडं नुकतंच उकळून उतरलं होतं, म्हणून आधी त्यात वावगं वाटलं नाही. कॉईलचा वरचा वेढा उघडा पडला आणि त्यावरचं वर्ट तडतडून काळं झालं. मग निळसर धूर. आत पाहिलं तर वरचा वेढा गडद लाल. भावाने भिंतीवरचा एमसीबी पाडला.

पाणी ओतायचं नाही, एवढं दोघांनाही कळत होतं. लाल झालेल्या नळीवर पाणी पडलं तर वाफेचा भपका तोंडावर येतो आणि नळी तडकू शकते. झाकण काढून, दार उघडून तसंच निवू दिलं. खोलीत जळक्या साखरेचा वास रात्रभर राहिला.

वर्ट मात्र वाचलं, आधीच बाहेर आलं होतं. झाकून गार जागी ठेवलं.

२२ डिसेंबर

आज फक्त कारण शोधायचं.

कंट्रोलरचा आउटपुट तपासला. बंद असताना शून्य व्होल्ट, चालू असताना १२ व्होल्ट डीसी. त्याचं काम चोख. संशय एसएसआरवर.

एसएसआर मल्टीमीटरने तपासताना फसायला होतं. आत असलेल्या स्नबर नावाच्या संरक्षक जोडणीमुळे चांगला एसएसआर बंद असतानाही काही मिलिअँपिअर सोडतो, आणि मीटरवर भरपूर व्होल्ट दिसतात. म्हणून कॉईलच्या जागी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब जोडला. एसएसआरच्या कंट्रोल वायरी काढून टाकल्या, म्हणजे हुकूम द्यायला कुणीच नाही. एमसीबी वर केला. बल्ब पूर्ण पेटला.

एसएसआर आतून शॉर्ट होऊन कायमचा चालू राहिला होता. हा भाग बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा असाच बिघडतो. साधी तार जळाली तर वीज तुटते. एसएसआरमधला अर्धवाहक जळतो तेव्हा तो वितळून जोडला जातो, आणि वीज वाहतच राहते. तो चालू असताना त्याच्यावर साधारण १ व्होल्टाची घट असते, १३ अँपिअरला १३ ते १५ वॉट उष्णता त्याच्या पाठीत सतत साठते. ती घालवायला अॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि मध्ये थर्मल पेस्ट लागते. विकत आणलेल्या तयार पेटीत हीटसिंक होता, पेस्ट नव्हती. उघडून पाहिलं तेव्हा पाठ कोरडी ठणठणीत निघाली. अंगावर छापलेले ४० अँपिअर हे गार पाठीचे असतात.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते. समजा एसएसआर चांगला असता आणि पीआयडी ६५ अंशांवर लावून कुणी तोटी उघडली असती, तरीही कॉईल कोरडी तापलीच असती. पाणी उतरलं की सेन्सर हवेत येतो. हवा गार, म्हणून आकडा खाली पडतो. आकडा पडला की कंट्रोलर आणखी उष्णता मागतो. रिकाम्या भांड्यात ही यंत्रणा कॉईलला वाचवत नाही, ढकलते.

२४ डिसेंबर

कॉईल घेऊन उद्यमबागला मामांकडे गेलो. तिथल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मेंटेनन्स केला. मी मल्टीमीटरचा आकडा सांगितला, १७.८ ओहम, जवळजवळ नव्या कॉईलचाच.

"ते तार तुटली नाही एवढंच झालं," मामा म्हणाले. "आतलं बाहेर येतंय का ते बघ की. मेगर लाव."

कॉईलच्या आत निक्रोमची तार असते, तिच्याभोवती गच्च दाबलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, बाहेर स्टीलची नळी. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण ती ओल धरते. कोरडी तापताना टोकांची सीलं सैल झाली की निवताना हवेतला ओलावा आत शिरतो. मेगरवर, म्हणजे वीज अडवण्याची ताकद मोजणाऱ्या मीटरवर, ५०० व्होल्टला ०.०५ मेगाओहम आले. किमान १ हवं.

०.०५ मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टला साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास गळती. गळती दिसली की वीज तोडणारा आपला घरचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. तो गप्प बसला असता, आणि कॉईल वर्टमध्ये सुखाने चालतेय असंच दिसलं असतं. अर्थिंग असल्यामुळे ही गळती जमिनीत जाते. अर्थिंगची वायर कधी सैल झाली, तर भांड्याला हात लावणाऱ्याकडे वळते. मामांनी हे दोनदा सांगितलं, मीही इथे लिहून ठेवतो.

२८ डिसेंबर

मामांच्या सांगण्यावरून कॉईल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दुपारभर ठेवली. गार झाल्यावर ८ मेगाओहम. ओल निघून गेली.

तरीही ही कॉईल परत वापरायची नाही असं ठरवलं. वरच्या वेढ्यावर स्टीलचे रंग चढलेत: टोकांकडे गव्हाळ, मग जांभळा, मधोमध गर्द निळा. ३०४ स्टीलवर गव्हाळ रंग ३०० अंशांच्या पुढे येतो, निळा साडेपाचशेच्या आसपास. आम्ही तर तिला लाल पाहिली. स्टीलला गंजण्यापासून वाचवणारा क्रोमियमचा पातळ थर तिथे बिघडलेला असतो. लिंबाच्या फुलाच्या पाण्यात, म्हणजे सायट्रिक अॅसिडमध्ये ठेवून तो बऱ्यापैकी परत येतो. पण निळ्या भागाला बोटाने जाणवेल असा फुगवटा आहे. तिथे आतली पूड सैल झाली असणार, तार नळीच्या जवळ सरकली असणार. मामा म्हणाले कपडे धुवायच्या पाण्याला चालेल. मी म्हटलं, त्यालाही नको मामा, तिथे तर आई हात घालते. टोकं कापून भंगारात टाकली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी जायला नको.

४ जानेवारी

नवी मांडणी कागदावर.

कॉईल उद्यमबागमध्येच बनवून घ्यायची. वॉट तेच ३०००, तापणारी लांबी २ मीटर, घडी घालून. पृष्ठभाग दुप्पट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६ वॉट. भांड्यात आडवी, शक्य तितकी तळाशी. वर ८ लिटर पातळ असेल तेव्हा ती पूर्ण बुडालेली राहते.

एसएसआर नवा, मोठ्या हीटसिंकवर, पेस्ट लावून. पण आता त्याच्यावर विसंबायचं नाही. त्याच्या आधी दोन पोलचा २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढला जाणारा मोठा स्विच. एसएसआर एकच वायर तोडतो, कॉन्टॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. कॉन्टॅक्टरच्या स्वतःच्या कंट्रोल वायरीत एकामागे एक: बंद करायचा लाल मशरूम स्विच, पाणी उतरलं की सुटणारा फ्लोट स्विच, आणि ठरवलेल्या तापमानाला सुटणारा कॅपिलरी थर्मोस्टॅट. यातलं काहीही एक सुटलं की कॉन्टॅक्टर पडतो.

फ्लोट ९ लिटरच्या खुणेवर. कॅपिलरी थर्मोस्टॅटचा स्टीलचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारी बंद नळी, कॉईलच्या सर्वात वरच्या वेढ्याला स्टीलच्या तारेने घट्ट बांधायचा, कारण पाणी उतरताना तोच वेढा आधी उघडा पडतो. सेटिंग १४० अंश. बुडालेल्या कॉईलचं अंग तिथवर जात नाही. कोरडी कॉईल मात्र दर सेकंदाला कितीतरी अंश चढते. म्हणून फ्लोट आधी, थर्मोस्टॅट मागे. फ्लोट चिकट वर्टमध्ये अडकू शकतो, हे धरूनच चालायचं.

भावाने विचारलं, "लाइट गेली आणि परत आली तर?" चांगला प्रश्न, आपल्याकडे तर हवाच. कॉन्टॅक्टरचा एक सहाय्यक संपर्क चालू करायच्या हिरव्या बटणाला समांतर जोडला की त्याचं उत्तर मिळतं. वीज गेली की कॉन्टॅक्टर पडतो आणि परत आली तरी कुणी येऊन बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. मधल्या वेळात कुणी तोटी उघडून भांडं रिकामं केलं असलं तरी कॉईल आपोआप पेटत नाही.

शेवटचं, दिवा. आतापर्यंत दिवा पीआयडीच्या आउटपुटवर होता, म्हणजे पीआयडीने काय सांगितलं तेवढं कळायचं. आता दिवा थेट कॉईलच्या दोन टोकांवर, आणि शेजारी अँपिअर मीटर. कॉईलमधून काय वाहतंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

११ जानेवारी

कॉईल मिळाली. गार असताना १७.७ ओहम, मेगरवर काटा शंभरच्या पार. वायरिंग सुरू.

१८ जानेवारी

आजची चाचणी पाण्यावर, आणि बिघाड मुद्दाम करून. मामा स्वतः आले, त्यांच्यासमोरच करायचं होतं.

एसएसआरच्या दोन टोकांना जाड वायरचा तुकडा जोडून तो शॉर्ट केला. पीआयडी बंद, कॉईल चालू. दिवा पेटलेला, मीटरवर १२.६ अँपिअर. २१ डिसेंबरला हे दिसलं असतं तर तोटी उघडलीच नसती. आता तोटी उघडली. पाणी ९ लिटरला आलं, फ्लोट झुकला, कॉन्टॅक्टर खटकन पडला.

दुसऱ्यांदा फ्लोट दोऱ्याने वर बांधून ठेवला, अडकला असं समजून. मामा मशरूम स्विचवर हात ठेवून उभे. वरचा वेढा उघडा पडला, पाण्याचे शेवटचे थेंब तडतडले, आणि कॉन्टॅक्टर पडला. वेढ्यावर गव्हाळ रंगही चढलेला नाही. तरी मेगर लावून पाहिलं, काटा पूर्वीसारखाच शंभरच्या पार.

तिसरं, चालू असताना मेन बंद करून परत चालू केला. कॉईल बंदच राहिली.

"आता पोरांना एकटं सोडलंस तरी चालतंय," मामा म्हणाले. माझ्या मते अजून नाही. भाजण्याची भीती उरतेच. पण विजेच्या बाजूने मी निर्धास्त आहे. शॉर्ट केलेली वायर काढली, काढल्याचं मामांनी पाहिलं, मग पेटी बंद केली.

२५ जानेवारी

डिसेंबरचं वर्ट त्याच आठवड्यात गॅसवर आटवून संपवलं होतं. आज नवीन, तेच प्रमाण, ३ आणि २ किलो. मॅशिंगला मीटरवर कॉईल चालू-बंद होताना दिसत होती, ६५ वरून आकडा अर्ध्या अंशापलीकडे हलला नाही. आयोडीन स्वच्छ. गाळून १७ लिटर वर्ट, साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १२ ब्रिक्स, म्हणजे शंभर भागांत १२ भाग, एकूण सुमारे २ किलो साखर.

१७ लिटरवरून दाट सिरपपर्यंत जायला सुमारे १५ लिटर पाणी उडवावं लागतं. हिशेबाने जवळपास साडेनऊ युनिट, तीन तासांहून थोडं जास्त. पण कॉईल बुडालेली ठेवायची तर भांड्यात हे शेवटपर्यंत करता येत नाही. १० लिटर उरल्यावर लाल मशरूम स्विच दाबला, मीटर शून्य पाहिला, मग तोटी उघडली. पुढचं रुंद कढईत, मंद गॅसवर, ढवळत. तिथेही करपण्याचा धोका आहेच, पण कढईचा तळ डोळ्यांसमोर असतो.

कॉईल बाहेरून पाहिली. पुसट तपकिरी साय, कोमट पाण्याने निघाली.

सिरप पावणेतीन किलो भरलं. रंग काळसर लाल, गुळापेक्षा कमी गोड, मागे थोडी कोकोसारखी चव. मावशीला बाटली पाठवली. तिचा फोन आला: बार्ली कशाला घातलीस, नाचणीचा वास मागे पडतोय. तिचं म्हणणं बरोबर आहे. पुढची खेप नुसत्या नाचणीची करणार. नाचणीचा स्टार्च बार्लीपेक्षा थोड्या जास्त तापमानाला फुलतो, म्हणून एक भाग आधी ८० अंशांवर शिजवून घ्यायचा, निवल्यावर ६५ ला बाकीचं न भाजलेलं माल्ट घालायचं. ते शिजवणं पिठाळ, घट्ट होणार. तेवढं कढईत करायचं, कॉईलच्या भांड्यात नाही.